'हात हलतोय, पण मी नाही हलवत': हालचालीच्या आधीच्या मेंदूलहरी आणि कर्तेपणाची जाणीव

अहमदपूरकडच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. चार महिन्यांपूर्वी वडिलांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आता डावा हात थोडाफार हलायला लागलाय. घरचे खूश आहेत, पण वडील म्हणतात, "हात हलायलाय, पण मी न्हाई हलवायलो." आत्या म्हणते बाहेरचं काहीतरी आहे, कुणाला तरी दाखवा. मुलाने मोबाइलवर वाचलंय की माणसाने ठरवायच्या आधीच त्याच्या मेंदूने ठरवलेलं असतं, म्हणजे 'मी केलं' ही भावनाच खोटी. त्याला दोन गोष्टी हव्यात: वडील असं का म्हणतात, आणि हालचालीच्या आधीच्या त्या लहरींचा याच्याशी काही संबंध आहे का.

संबंध आहे, आणि तो थेट तुमच्या वडिलांच्या रोजच्या व्यायामापर्यंत येऊन पोचतो. म्हणून सविस्तर लिहितो. आत्याबाईंना आधी एवढं सांगा की वडील खोटं बोलत नाहीत, त्यांचं डोकं फिरलेलं नाही आणि बाहेरचंही काही नाही. लातूर, बीड, नांदेड या भागातले लकव्याचे पेशंट मी कितीतरी वर्षं बघतोय. हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी म्हटलंय. बरेच जण मात्र घरच्यांसमोर बोलत नाहीत, कारण ऐकणारा घाबरतो. तुमचे वडील बोलले हे चांगलं झालं.

ईईजीपासून सुरुवात करतो, म्हणजे डोक्यावर तारा लावून मेंदूच्या विद्युत लहरी टिपायची तपासणी. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी 1924 साली माणसाच्या मेंदूची विद्युत लहर पहिल्यांदा टिपली आणि 1929 मध्ये ती छापून आणली. डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागावर सेकंदाला आठ ते तेरा वेळा वरखाली होणारी लहर दिसते, ती अल्फा. हाताची हालचाल सांभाळणारा मेंदूचा पट्टा साधारण कानाच्या वरच्या बाजूला, टाळूकडे जाताना लागतो. तिथे जवळपास त्याच वेगाची एक वेगळी लहर असते, तिला म्यू म्हणतात. त्याच पट्ट्यावर तेरा ते तीसच्या दरम्यानची बीटाही चालू असते. हात स्वस्थ असला की या दोन्ही लहरी ठळक असतात.

आमच्याकडे टेक्निशियन पेशंटला सांगतो, "उजवी मूठ आवळा." मूठ आवळायला लागायच्या आधीच डाव्या बाजूची म्यू लहर बसायला लागते आणि रेघ जवळजवळ सपाट, बारीक थरथरती होते. मग तो सांगतो, "आता आवळू नका, आवळतोय असं नुसतं मनात आणा." हात गादीवर निवांत पडलेला असतो, तरी ती लहर पुन्हा विरते. डोळे उघडले की अल्फा जाते, म्यू जात नाही. म्यू जाते ती हाताच्या विचाराने. पडद्याजवळ उभ्या असलेल्या नातेवाइकाला हे दाखवलं की तो क्षणभर गप्प होतो. मलाही अजून ते बघायला आवडतं.

स्वतःच्या मर्जीने, कुणी न सांगता हात हलवायचा असेल तर म्यू आणि बीटाची ही ओहोटी हालचालीच्या सुमारे दोन सेकंद आधी सुरू होते. आधी हाताच्या विरुद्ध बाजूच्या मेंदूत, आणि हात प्रत्यक्ष हलेपर्यंत दोन्ही बाजूंना. हालचाल संपली की सेकंदभरात बीटा उसळून परत येते, पहिल्यापेक्षाही जोरात. आधीची ओहोटी आणि नंतरची उसळी, या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, मेंदूच्या खोल भागात बीटा गरजेपेक्षा जास्त माजलेली असते. लिवोडोपाच्या गोळीने ती उतरते आणि माणूस मोकळा हलतो. म्हणजे बीटा खाली येणं ही हालचाल सुटण्याची तयारी आहे, असं मानायला चांगला आधार आहे.

याच काळात आणखी एक गोष्ट घडते. कॉर्नहूबर आणि डेके या दोन संशोधकांनी 1964-65 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला माणसांना मनाला येईल तेव्हा बोट हलवायला सांगितलं, मेंदूची नोंद चुंबकीय टेपवर घेतली, आणि हालचालीच्या क्षणापासून टेप उलटी फिरवून अशा अनेक नोंदींची सरासरी काढली. हालचालीच्या सेकंद-दीड सेकंद आधीपासून हळूहळू वाढत जाणारी एक ऋण लाट त्यात दिसली. हिला आपण तयारीची लाट म्हणू. ती फार लहान असते, दहा मायक्रोव्होल्टच्या आसपास, आणि नेहमीच्या लहरींत बुडून जाते. म्हणून चाळीस-पन्नास हालचालींची सरासरी काढल्याशिवाय ती हाती लागत नाही. तुमच्या गावाजवळच्या सेंटरला होणाऱ्या अर्ध्या तासाच्या ईईजीत ती दिसणार नाही. त्या ईईजीचं काम वेगळं आहे, त्यावर पुढे येतो.

आता मोबाइलवर वाचलेल्या गोष्टीकडे. बेंजामिन लिबेट या अमेरिकन संशोधकांनी 1983 मध्ये माणसांना एक भराभर फिरणारा ठिपका दाखवला. तो 2.56 सेकंदांत एक फेरी पूर्ण करायचा. सांगणं असं होतं की मनाला येईल तेव्हा मनगट हलवा, आणि 'आता हलवावं' असं वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगा. तयारीची लाट हालचालीच्या सुमारे 550 मिलिसेकंद आधी सुरू झालेली होती, आणि इच्छा झाल्याची जाणीव सुमारे 200 मिलिसेकंद आधी. मधले 350 मिलिसेकंद मेंदूला माहीत आणि माणसाला नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. 'इच्छा खोटी' ही बातमी तिथून निघाली.

ती बातमी मला कधीच पटली नाही, आणि 2012 नंतर तर ती तशीच सांगणं चुकीचंच आहे. त्या वर्षी शुर्गर नावाच्या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी वेगळा हिशेब मांडला. मेंदूत सततचे बारीक चढउतार चालूच असतात. तयारी उंबरठ्याच्या जवळ आली असेल तर त्यातला एखादा चढ तिला पलीकडे नेतो. गावाबाहेरचा पाझर तलाव काठोकाठ भरलेला असला की वाऱ्याच्या झुळुकीनेही सांडव्यावरून पाणी पडतं, तसं. आपण पाणी पडलेल्या क्षणापासून मागे मागे जाऊन सरासरी काढतो, म्हणून चढत जाणारी लाट दिसते. त्या लाटेच्या सुरुवातीलाच निर्णय झालेला होता, असं तिच्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय मनगट आत्ता हलवायचं की अर्ध्या सेकंदाने, याला कारणच काही नसतं. मुकादमाकडून उचल घ्यायची की नाही, पोराला लातूरला शिकायला ठेवायचं की नाही, असे निर्णय दिवसेंदिवस मनात घोळतात. त्यांच्यावर या प्रयोगावरून निकाल देता येत नाही.

पण एक गोष्ट त्या सगळ्या कामातून पक्की राहिली, आणि तुमच्या वडिलांसाठी तीच महत्त्वाची आहे. 'हे मी केलं' ही जाणीव हालचाल झाल्यावर मागाहून चिकटवलेली नसते. तिचा बराच भाग हालचालीच्या आधी, त्या तयारीच्या सेकंद-दोन सेकंदांत उभा राहतो.

याचा सगळ्यात बोलका पुरावा ऑपरेशनच्या टेबलावरचा आहे. 2009 मध्ये फ्रान्समधल्या डेस्मर्जे आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन जागेपणी होत असलेल्या सात रुग्णांच्या मेंदूला हलका विद्युतप्रवाह दिला. वरच्या-मागच्या भागाला, म्हणजे पराइटल भागाला दिला तेव्हा हात, पाय किंवा ओठ हलवावासा वाटू लागला. प्रवाह वाढवला तर आपण तो हलवलाच असं रुग्ण म्हणाले, आणि स्नायू मात्र जराही हलले नव्हते. त्याच्या पुढच्या भागाला, प्रीमोटरला दिला तेव्हा हातपाय खरोखर हलले, आणि रुग्णांना पत्ताच नव्हता. एकीकडे हालचालीशिवाय कर्तेपणा, दुसरीकडे कर्तेपणाशिवाय हालचाल. दोन्ही वेगवेगळे सुटे होऊ शकतात. तुमचे वडील जे म्हणतायत ते दुसऱ्या प्रकारच्या जवळचं आहे. डावं अंग गेलेल्या काही रुग्णांत पहिला प्रकारही दिसतो: हात लुळा पडलेला असतो आणि ते ठामपणे सांगतात की आत्ताच हलवला. बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी 1914 मध्ये या अवस्थेला अ‍ॅनोसोग्नोसिया असं नाव दिलं. अशा रुग्णांशी घरचे रोज भांडतात, आणि ते भांडण निरर्थक असतं.

मग हालचाल आपली आहे हे मेंदू ठरवतो कसं? हात हलवायचा हुकूम निघतो तेव्हा त्याची एक प्रत मेंदू स्वतःकडे ठेवतो, आणि हात हलल्यावर काय जाणवायला हवं याचा अंदाज आधीच बांधतो. हाताकडून आलेली खबर अंदाजाशी जुळली तर ती हालचाल माझी. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्या यामुळेच. तयारी नीट झाली नाही तर अंदाजच बनत नाही. खबर आली नाही तर जुळवायला काही उरत नाही. दोन्हीकडून घोटाळा होऊ शकतो. हालचालीनंतर उसळणारी बीटा म्हणजे मेंदूला आपला अंदाज किती बरोबर वाटला याची खूण असावी, असं सांगणारं काम 2016 च्या सुमारास झालं. ते मला पटतं.

कर्तेपणाची जाणीव मोजायची एक चांगली रीत हॅगार्ड या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवली. माणूस बटण दाबतो आणि पाव सेकंदाने आवाज होतो. स्वतःच्या मर्जीने दाबलं असेल तर बटण आणि आवाज यांतलं अंतर त्याला कमी वाटतं: दाबणं सुमारे 15 मिलिसेकंद उशिरा झाल्यासारखं आणि आवाज सुमारे 46 मिलिसेकंद लवकर आल्यासारखा. तेच बोट डोक्यावर चुंबकीय झटका देऊन हलवलं तर अंतर उलट वाढल्यासारखं वाटतं. बोट तेच, हालचाल जवळपास तीच, पण आधीची तयारी नव्हती. पुढे 2010 मध्ये मेंदूचा तयारी करणारा पुढचा-मधला भाग चुंबकीय झटक्यांनी थोडा वेळ मंद केला, तेव्हा हे जवळ येणं कमी झालं. आणि 2016 मध्ये कॅस्पर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कुणाच्या हुकमावरून केलेल्या कृतीत हे अंतर मर्जीने केलेल्या कृतीपेक्षा लांब वाटतं. शेवटचा प्रयोग लकव्याच्या रुग्णांवरचा नाही. पण चार नातेवाईक खाटेभोवती उभे राहून "हलवा, हलवा, अजून हलवा" असं ओरडताना बघितलं की मला तो आठवतो.

वडिलांच्या बाबतीत नेमकं काय चाललंय हे न तपासता सांगता येणार नाही, पण शक्यता मोजक्याच आहेत आणि घरीच बरंच कळतं.

पहिली शक्यता अशी की हात खरंच ते हलवत नाहीत. जांभई देताना लकव्याचा हात आपोआप कोपरात वळून वर जातो, हे फार जणांत दिसतं. खोकताना, शिंकताना, निरोगी हाताने जोर लावताना, उठून चालताना असंच होतं. घरचे म्हणतात सुधारणा झाली. पेशंटला मात्र पक्कं माहीत असतं की आपण काही केलं नाही, आणि तो बरोबर असतो. दोन दिवस नुसतं बघा: हात केव्हा हलतो? जांभईला हलतो आणि सांगितल्यावर हलत नाही, असं असेल तर उत्तर मिळालं. याने घाबरायचं कारण नाही, फक्त ती सुधारणा समजू नका.

दुसरी शक्यता, हालचाल मर्जीची आहे पण हाताची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही. वडिलांना डोळे मिटायला सांगा. त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या पेराला दोन बाजूंनी धरून तो थोडा वर किंवा खाली करा आणि विचारा, कुठे गेला? चार-पाच वेळा उलटसुलट करून बघा, मग हेच उजव्या अंगठ्यावर. डाव्याला अंदाजाने ठोकताळे येत असतील तर सांध्याची जाण गेलेली आहे. अशा माणसाला हाताकडे बघत हालचाल केल्यावर 'मीच केलं' असं वाटायला मदत होते, कारण डोळे ती खबर आणून देतात. डोक्यावरची टोपी किंवा पटका डाव्या हाताने सरळ करायला सांगण्याआधी समोर आरसा ठेवा.

तिसरी शक्यता तयारीतली कमतरता. मेंदूच्या इजा झालेल्या बाजूला म्यू-बीटाची ओहोटी बहुधा कमी होते आणि दुसऱ्या बाजूला जास्त दिसते. हात हलतो, पण त्यामागची तयारी अर्धवट असते. माझ्या अनुभवात यात वेळ देणं हाच मोठा उपाय आहे, आणि घरात नेमका तोच दिला जात नाही.

चौथी शक्यता टाळायची नाही. हात एका तालात झटके देत असेल, तोंडाची एक बाजूही सोबत उडत असेल, किंवा झटके थांबवता येत नसतील, तर तो झटक्यांचा आजार, म्हणजे फिट, असू शकतो. लकव्यानंतर काही जणांना तो होतो. अशा वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मेंदूविकार तज्ज्ञाकडे जा. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत किंवा शुद्ध गेली तर व्हिडिओसाठीही थांबू नका, गाडी काढा. साधा ईईजी कामाला येतो तो इथे. निरोगी हाताशी भांडणारा, कपड्याची बटणं आपोआप सोडवणारा हात ही आणखी वेगळी गोष्ट आहे. ती दुर्मीळ असते, पण तसं दिसलं तर जरूर सांगा.

व्यायामाचं आता. नेहमीचं चित्र असं असतं: मुलगा बापाचा हात धरतो, "एक, दोन, तीन" म्हणतो आणि तीनला उचलतो. दिवसातून शंभर वेळा केलं तरी मेंदूला दर वेळी हात हलल्याची खबर मिळते, पण त्याआधीची तयारी कुणाचीच नसते. सांधा आखडू नये म्हणून असा व्यायाम हवाच, तो बंद करू नका. पण तेवढाच करू नका.

वेळेला इतकं महत्त्व का देतोय ते सांगतो. डेन्मार्कच्या ऑल्बोर्गमध्ये 2012 मध्ये निरोगी माणसांना पाऊल वर उचलल्याची नुसती कल्पना करायला सांगितली आणि पायाच्या नसेला हलका विद्युत झटका दिला. झटक्याची खबर तयारीची लाट शिगेला पोचलेली असताना मेंदूत आली, तेव्हा पायाकडे जाणाऱ्या मार्गाची क्षमता वाढली. वेळ चुकवली तर वाढली नाही. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या गटाने 2013 मध्ये जुन्या, हाताची बोटं उघडताच न येणाऱ्या लकव्याच्या 32 रुग्णांवर काम केलं. अर्ध्यांच्या हाताला बांधलेलं यंत्र त्यांच्या मेंदूतली लहर ओसरली की हात हलवायचं, उरलेल्यांचं कधीही. फिजिओथेरपी दोघांनाही सारखीच. पहिल्या गटात, हात किती चालतो हे मोजणाऱ्या गुणांकात सरासरी साडेतीनच्या आसपास वाढ झाली, दुसऱ्यात जवळपास नाही. वाढ मोठी नाही. पण यंत्र तेच, हालचाल तीच, आणि फरक पडला तो हालचाल पेशंटच्या तयारीला जोडलेली होती की नाही यावरून.

म्हणून असं करा. सकाळी वडील ताजे असतात तेव्हा, टीव्ही बंद करून, समोर त्यांच्या ओळखीची वस्तू ठेवा: चहाचा रिकामा पेला, चष्म्याचं घर, काहीही. त्यांना सांगा की तुम्हाला वाटेल तेव्हा हात लावा, मी मोजणार नाही. मग गप्प बसा. तुमची बोटं त्यांच्या दंडाच्या किंवा कोपराखालच्या स्नायूवर हलकी टेकलेली असू द्या. पाच सेकंद लागतील, दहा लागतील. स्नायू ताठ होतोय असं बोटांना लागलं की मग उरलेल्या वाटेपुरता आधार द्या. पोचल्यावर हात तिथेच दोन-तीन सेकंद राहू द्या, लगेच खाली आणू नका. ती बीटाच्या उसळीची वेळ आहे. मग विचारा, "बाबा, आत्ता कुणी हलवला?" उत्तर काहीही आलं तरी वाद घालू नका. तुम्ही उचलला असेल तर "बघा, तुम्हीच उचलला" असं कौतुक अजिबात करू नका. त्यांच्या मेंदूला खरी खबर मिळायला हवी, आणि तुमच्यावरचा त्यांचा विश्वासही टिकायला हवा. वीसेक वेळा चांगलं झालं तरी पुरे. थकल्यावर केलेल्या शंभराहून ते मोलाचं. खांदा दुखत असेल तर दंड ओढू नका, आधी दाखवा.

ही घरगुती पद्धत त्या यंत्रासारखी आहे असा माझा दावा नाही. तिला मिलिसेकंदांची अचूकता नाही. पण दिशा तीच आहे, खर्च नाही आणि धोका नाही. फिजिओथेरपी मात्र सोडायची नाही. तुमच्या थेरपिस्टला हे वाचून दाखवा आणि त्यांच्या सल्ल्याने बदल करा. मेंदूलहरींवर चालणारं म्हणून कुणी महागडं यंत्र विकायला आलं तर कर्ज काढून घेऊ नका, सोयाबीनचे पैसे तर मुळीच घालू नका. ज्या यंत्रांवर अभ्यास झाले ती प्रयोगशाळेत, तज्ज्ञांच्या हाताखाली चालवलेली होती. मोबाइलला जोडायच्या पट्टीशी त्यांचा संबंध नाही. रक्तदाब, साखर आणि रक्त पातळ करायची गोळी यांत खाडा पडला तर हे सगळं वाया जाईल.

दाखवायला आणाल तेव्हा सीटी-एमआरआयच्या फिल्म आणा, नुसता कागदी रिपोर्ट नको. इजा पुढे आहे की मागे, यावर वरच्या शक्यतांमधली कुठली हे बरंच ठरतं. जांभईच्या वेळचा आणि पेल्याला हात लावतानाचा, असे दोन वेगवेगळे व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवा. ईईजी करायचा ठरला तर आदल्या रात्री वडिलांचं डोकं शिकेकाईने किंवा शॅम्पूने स्वच्छ धुवा आणि सकाळी तेल लावू नका. तेलकट केसांवर इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत, आणि मग नोंदीत मेंदूच्या लहरीपेक्षा विजेच्या लाइनीची गुणगुणच जास्त येते.